कुंपणातलं पाणी

गोकुळकाकांचा साग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाडला. साखरखेर्ड्याकडून आमच्या गावी येणारा रस्ता रुंद होतो आहे आणि त्या अंगाची झाडं जाणार, हे वर्षभरापासून ठरलेलं होतं. बाभळी होत्या, निंब होते. साग तो एकच.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला आणखी दहा साग आहेत. ते वाचले. ही अकरा झाडं गावातून फौजेत गेलेल्या आणि आता हयात नसलेल्या अकरा माणसांची. माणूस लढाईत गेलेला असो की पेन्शन घेऊन म्हातारपणी घरी गेलेला असो, त्याच्या नावाचा साग मागे राहिलेल्या एखाद्या फौजी माणसानं लावायचा आणि पाणी घरच्यांनी घालायचं, अशी आमच्याकडे चाल आहे. साग एवढ्यासाठी की वनखात्याच्या रोपवाटिकेत तो मिळायचा आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

ही चाल माझ्या वडिलांनी पाडली. किसनराव गवई, सुभेदार म्हणून निवृत्त, आता पंच्याहत्तर वर्षांचे. गोकुळ अवसरमोल त्यांच्याबरोबरच भरती झाले होते, एकाच पलटणीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम सीमेवर गोकुळकाका गेले. त्यांचे अंत्यसंस्कार तिकडेच झाले. गावात आली ती काळ्या पत्र्याची एक पेटी: दोन गणवेश, दाढीचं सामान, बायकोनं लिहवून घेतलेली तीन पत्रं. त्यांची मुलगी धम्मशीला तेव्हा दोन महिन्यांची होती. बापानं तिला पाहिलेलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये बाबा रजेवर आले. गोकुळसाठी गावात हात लावायला जागाच नाही, हे त्यांना सहन होईना. एक पाऊस पडून गेला होता. त्यांनी वेशीबाहेर सागाचं रोप लावलं, बाभळीच्या काट्यांचं कमरेएवढं कुंपण केलं आणि गोकुळकाकांच्या बायकोला, जनकाबाईंना सांगितलं, "वैनी, हे तुमच्या सोपुर्द." ते साल बहात्तर होतं. त्या जूनमधल्या पावसानंतर वर्षभर आमच्याकडे म्हणावा असा पाऊस झाला नाही.

त्यानंतरची गोष्ट गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे, कारण दर सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, त्या झाडांपाशी बाबा ती सांगतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, मेहकरला असते, पण सोळा डिसेंबरला येतेच. त्यामुळे मलाही शब्दन् शब्द पाठ आहे.

"मे महिना. साल त्र्याहत्तर. मी रजेवर आलो. हीर आटलेली. घराले दोन हंडे पानी भेटे, ते बी टँकर आला तर. मी ह्या रस्त्यानं पायी येऊन राह्यलो, तं काय पाह्यतो? जनकावैनी कुंपनापाशी उभ्या. काखेत लेकरू रडून राह्यलं. आन वैनी तांब्या कुंपनात ओतून राह्यल्या. लेकराच्या तोंडचं पानी त्या माऊलीनं शहिदाच्या झाडाले देलं. मी खांद्यावरची पेटी खाली ठेवली आन तिथंच सॅल्यूट केला."

इथे बाबा थांबतात. बायका डोळ्याला पदर लावतात. जनकाकाकू पहिल्या रांगेत बसून खाली पाहत राहतात. मग त्यांना साडीचोळी देतात आणि बाबा अकरा नावं वाचतात.

काखेतलं ते रडणारं लेकरू, धम्मशीला, सोळा डिसेंबरला कधीही येत नाही.

धम्माताई आता त्रेपन्न वर्षांची आहे. जालन्याला दवाखान्यात परिचारिका आहे. आईची औषधं दर महिन्याला पाठवते, रोज सकाळी फोन करते. फोन औषधांपुरता असतो. काकू तिच्या घरी दोन रात्रींच्या वर राहिल्याचं मला आठवत नाही. एकदा मी तिला विचारलं होतं, सोळा तारखेला का येत नाहीस. तिनं हसत उत्तर दिलं होतं, "काय येऊ? माह्या माईले दोन लेकी. मी आठ महिन्यानं मोठी, पन थोरलीचा मान तिचा, ते वेशीबाहेर उभी हाय. तिचं पोट भरलं की धाकटीचा नंबर." तिचं हसणं थांबल्यावर मी दुसरा विषय काढला होता.

साग पडला त्या दिवशी बाबा सकाळपासून तिथे खुर्ची टाकून बसले होते. बुंध्याची चार बोटं जाडीची एक चकती त्यांनी ठेकेदाराकडून मागून घेतली आणि ट्रॅक्टरमध्ये टाकून घरी आणली. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. ग्रामपंचायतीसमोर नवा चबुतरा होत होता. त्यावर अकरा नावांची शिळा आणि शिळेशेजारी काचेच्या पेटीत ही चकती. चकतीवर टाचण्या आणि त्यांना सालांच्या चिठ्ठ्या. पहिली मध्यावर: लागवड, १९७२.

"तुले हे येते ना?" त्यांनी मला विचारलं.

"येतं. पण आधी रंधा मारून घ्यावा लागेल."

"घे ना. नऊ मार्चले कार्यक्रम हाय. धम्मशीलेले बी फोन केला. येतो म्हनली."

"ताई येते म्हणाली?"

"हाव. म्हनली, झाड गेलं ना काका, मंग येतो." त्यांनी हे जसं ऐकलं तसं सांगितलं. त्यातलं काही त्यांना टोचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी काकू आमच्या ओसरीवर आल्या. बहात्तर वर्षं वय, पाठ थोडी वाकलेली, पण काठी घेत नाहीत. चकती भिंतीला टेकवून ठेवली होती. काकूंनी तिला हात लावला नाही. पाहिलं फक्त.

"जयभीम काकू. बसा."

"बसत नाही. तू याच्यातले साल मोजशीन म्हने."

"हो, काकू. दरवर्षी एक वलय पडतं. सागात ते स्पष्ट दिसतं."

"चुकत नाही?"

"नीट पाहिलं तर सहसा नाही."

"मंग नीट मोज," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाच्या सांगन्यावर नको जाऊ. लाकूड काय म्हनते ते पाह्यजो."

मला ते विचित्र वाटलं. पण म्हातारी माणसं कामाची ताकीद देतातच, असं समजून मी पुढे काही विचारलं नाही.

साखरखेर्ड्याच्या सुताराकडून मी चकतीला रंधा मारून आणला. मग शनिवारी दुपारी ओसरीत बसून पॉलिश पेपरनं घासली, आधी जाड, मग बारीक. कापड ओलं करून पुसल्यावर वलयं वर आली. कडेला फिकट पट्टा, आत मधासारखं लाकूड, आणि सागाचा तो चामड्यासारखा वास. सागाचं एक बरं असतं. पावसाळा सुरू झाला की तो मोठ्या छिद्रांची एक ओळ टाकतो, त्यामुळे प्रत्येक सालाची सुरुवात भिंगातून रेघेसारखी दिसते.

सालीकडून आत मोजायला घेतलं. सगळ्यात बाहेरचं २०२४. तेरावं वलय नखाच्या कडेएवढं बारीक निघालं. ते २०१२, त्या वर्षी आमच्याकडे पाऊस नव्हता. म्हणजे बाहेरून मोजणी बरोबर चालली होती. दर दहाव्याला टाचणी टोचत मी मध्यापर्यंत गेले.

पन्नास.

१९७२ ला लावलेल्या झाडाला त्रेपन्न हवी होती. मी दिशा बदलून, चकतीच्या दुसऱ्या बाजूनं मोजलं. पन्नास. तिसरी दिशा घेतली. पन्नास.

बाबा पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं.

"तीन कमी," ते म्हणाले. "मंग ते दुष्काळाचे. वाढच नाही झाली तं वलय काऊन पडीन?"

"एखादं चुकू शकतं, बाबा. तीन नाही. आणि मधली वलयं रुंद आहेत. हे झाड सुरुवातीला चांगलं पोसलेलं आहे. दुष्काळात उभं राहिलेलं दिसत नाही."

"समता, ते रोप म्या या हातानं लावलं."

"मी नाही कुठे म्हणते."

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "मंग तुह्या पुस्तकात काही तरी असंल ना त्याच्यावर."

होतं. मला ते आधीच सुचलं होतं. सागाचं रोप वरून पूर्ण वाळतं, पण मूळ जिवंत राहिलं तर पुन्हा कोंब फुटतो. जंगलात वणव्यानंतर असं दरवर्षी होतं. तसं झालं असेल तर खोड १९७५ चं आणि मूळ १९७२ चं. जमिनीखालचं लाकूड कोणी मोजत नाही. आणि मशीननं मूळ उपसून नेलेलंही होतं.

मी हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा मोकळा झाला. "हे बग. पह्यलेच सांगाव ना. मूळ बहात्तरचं. मंग बहात्तरच लिही."

"काकूंना विचारून लिहिते."

"त्याईले काय विचारतं? जे झाड त्याईनं लेकरावानी पोसलं..."

"त्यांनीच मोजायला सांगितलंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंकडे गेले. त्या अंगणात सुपभर तूर पाखडत होत्या. भिंतीवर गोकुळकाकांचा गणवेशातला फोटो, शेजारी बाबासाहेबांचा. मी बाजेवर बसले. कसं सांगायचं ते मी रस्त्यानं ठरवत आले होते, म्हणजे आधी वाळण्याचं, मग मुळातून फुटण्याचं, आणि आकडा शेवटी.

"किती भरले?" काकूंनी सूप न थांबवता विचारलं.

"पन्नास."

त्यांनी मान हलवली. "बराबर हाय."

 तरीही मी ठरवलेलं बोलले. दुष्काळात रोप वरून वाळलं असेल, मूळ जिवंत असेल, त्यातून पुन्हा फुटलं असेल.

"नाही," काकू म्हणाल्या. "मुळातूनच मेलं होतं. म्या उपटून पाह्यलं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "बोटाएवढं मूळ. मोडलं तं कटकन आवाज झाला. मंग पुन्हा तसंच खोचून ठेवलं मातीत."

"कोणाला कळलं नाही?"

"कसं कळंल? उन्हाया होता. साग तं उन्हायात वाळल्यावानीच दिसते. कुंपन मोठं, काट्याचं, आत कोन पाह्यते? पावसायात तं आत गवतच माजे. आन लोकाईले पाह्याले टाइम कुठं होता? सारे दुष्काळी कामावर खडी फोडाले जायचे, खायाची सुकडी भेटे तिच्या रांगेत उभे राह्यचे. म्या रोज तांब्या नेऊन ओतला. दोन वर्सं."

"रिकाम्या कुंपणात?"

"हाव. घर वेशीपाशीच, सासू वट्यावर बसून पाहे. तिले कळलं असतं तं म्हनली असती, नवरा खाल्ला, आता त्याचं झाड बी खाल्लं." हे त्या चिडून बोलल्या नाहीत. माहीत असलेली गोष्ट सांगितल्यासारखं बोलल्या. "मंग पंच्याहत्तरच्या पावसात हिवरा आश्रमाकडून एक रोप आनलं. पायी गेल्ती. भाकर बांधून, टोपल्यात घालून आनलं. सांजच्याले लावलं. ते जगलं."

"मग मला मोजायला का सांगितलंत? नुसतं बहात्तर लिहिलं असतं तर कोणी विचारलंही नसतं."

काकूंनी तुरीत बोटं फिरवली. "माह्या तोंडातून निघत नाही म्हनून. धम्मी येऊन राह्यली नऊ तारखेले. म्हनलं, लाकूडच सांगंल तिले."

"काकू, लाकूड एवढंच सांगेल की तीन वर्षं कमी आहेत. पहिलं झाड कशानं मेलं, ते त्यात नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल."

"हाव," त्या म्हणाल्या. "तेच तं हाय."

"कशानं मेलं?"

"ते तुले नाही सांगत, बाई. ज्याचं हाय त्यालेच सांगीन." त्यांनी सूप उचललं. "चिठ्ठीवर पंच्याहत्तर लिही. भाऊजीनं विचारलं तं म्हन, मले विचारा."

घरी येऊन बाबांना तेवढंच सांगितलं. काकूंनी पंच्याहत्तर लिहायला सांगितलं आहे, का ते त्यांना विचारा.

"त्याईनं सांगतलं?"

"हो."

ते विचारायला गेले नाहीत. दोन दिवस त्यांनी पदकं घासली, गणवेशाच्या कोटाला इस्त्री करून घेतली आणि माझ्याशी जेवणापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी मी मेहकरला निघाले तेव्हा गाडीपाशी येऊन म्हणाले, "बावन साल मी जे सांगत आलो, ते लोकाईनं ऐकलं. त्याच्यानं चार पोरं भरती झाले."

"मला माहीत आहे, बाबा."

"मंग?"

 मी हेल्मेट घातलं.

नऊ मार्चला कार्यक्रम अकराचा होता. दहा वाजता मांडवात खुर्च्या लावणं चाललं होतं आणि आवाजवाला एकदोनतीन म्हणत माईक तपासत होता. मी काचेच्या पेटीत चकती बसवून वर पांढरं कापड टाकलं. बाबा दोन पावलांवर, पदकं लावून, कागदावरची अकरा नावं पुन्हा वाचत उभे होते. काकू पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर. अजून कोणी आलेलं नव्हतं.

धम्माताई जालन्याच्या बसनं आली. हातात औषधांची पिशवी. आईजवळ जाऊन तिनं पिशवी मांडीवर ठेवली. "बीपीची गोळी बदलली हाय. पांढरी सकाळी. गुलाबी बंद." मग बाबांना, "जयभीम काका," आणि माझ्याकडे आली.

"हीच का आमची थोरली?" असं म्हणत तिनं कापडाचं टोक उचललं.

वाकून पाहिलं. तिनं चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हे काय समता? लागवड पंच्याहत्तर?"

"वलयं पन्नास आहेत, ताई."

"काका तं बहात्तर म्हनतात."

बाबांनी कागदावरून नजर काढली नाही.

"बहात्तरचं रोप जगलं नाही," मी म्हणाले.

"जगलं नाही?" तिनं कापड सोडलं. "माह्या तोंडचं पानी पेऊन बी जगलं नाही?"

ती हे मला म्हणाली, पण आवाज सगळीकडे गेला. माईकवाल्यानं एकदोनतीन थांबवलं. काकू खुर्चीतून उठल्या. औषधांची पिशवी त्यांच्या हातातच होती.

"ते पेलंच नाही," काकू म्हणाल्या. "तू पेली."

ताई वळली.

"तुले हगवन लागली होती. चार दिवस झाले, थांबे ना. डोये आत गेले तुहे. टाळू खाली बसली. रडाले लागली तं डोयात पानी नाही येत. घरात दोन हंडे, त्याच्यात सात मानसं. सासूनं झाडाचा तांब्या बाजूले काढून ठेवलेला राहे. त्याले कोनाले हात नाही लावू देत. तो तांब्या म्या चोरून तुले पाजला. चमच्या-चमच्यानं."

"नुसतं पानी?" ताईनं विचारलं. हा प्रश्न परिचारिकेचा होता. तो आपोआप आला असावा.

"गूळ टाकून. चिमूटभर मीठ. खडीच्या कामावर एक डाक्टरीन बाई येई, तिनं सांगतलं होतं."

"किती दिवस?"

"महिना झाला. तुही हगवन थांबली, पन अंगात जीव नव्हता, म्हनून मंग देतच राह्यली. तवा झाड मेलं. आता पाडलं ते म्या पंच्याहत्तरले हिवरा आश्रमाकडून पायी आनून लावलेलं."

ताईनं आईकडे एक पाऊल टाकलं. तिनं जालन्याच्या वॉर्डात किती आयांना हेच सांगितलं असेल, गूळ किंवा साखर, चिमूटभर मीठ, चमच्या-चमच्यानं, याचा मी विचार करत होते.

"मंग काकाईनं जे पाह्यलं ते?" तिनं विचारलं. "कुंपनात ओतून राह्यली होती ते?"

"तवर झाड मेलंच होतं. ते तुहे फडके धुतलेलं पानी होतं. सासू वट्यावरून पाहे, म्हनून तांब्यात भरून न्यायची. तवा भाऊजी आले. त्याईनं सलाम केला." काकू बाबांकडे न बघता बोलत होत्या. "मी काय बोलू? घान पान्याले सलाम केला मानसानं."

बाबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. 

"एवढे साल मले काऊन नाही सांगतलं, माय?"

"तू लहान होती. मंग मोठी झाली, तवा गावात गोष्ट पक्की होऊन गेली होती." काकूंना दम लागला होता, त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "आन म्या सांगतलं असतं तं भाऊजी खोटे पडले असते. तुह्या बापाची एकेक गोष्ट तुले तेच सांगत. कसा पोहे, कसा हसे, कोनतं गानं म्हने. मले तं तुहा बाप दोन वर्सं भेटला, त्याच्यातले दीड वर्स तो फौजेत. मी काय सांगनार होती तुले? भाऊजीचंच खोटं म्हनून कळलं असतं तं तू त्याईचं दुसरं बी काही खरं मानलं नसतं."

ताई आईशेजारच्या खुर्चीत बसली. काकूही बसल्या. त्यांच्यामध्ये औषधांची पिशवी होती. ताईनं ती उचलून खाली ठेवली.

मग ती म्हणाली, "पंच्याहत्तरले मी किती वर्साची होती?"

"पावनेचार."

"म्हंजे थोरली मी."

काकूंना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापड सारखं करत राहिले. दोघींपैकी कोणीही रडत नव्हतं. ताईनं आईचा हात घेतला, नाडी पाहतात तसा मनगटाला धरून, आणि मग सोडला नाही.

लोक येऊ लागले. सव्वाअकराला शिळेवरचा पडदा काढला, सरपंच बोलल्या, आणि बाबा माईकपाशी गेले. मी मागे उभी होते. त्यांनी पलटणीपासून सुरुवात केली, गोकुळपासून, काळ्या पेटीपासून. सगळं नेहमीच्या शब्दांत. जून बहात्तर. रोप. कुंपण. मग मे महिना, साल त्र्याहत्तर.

"जनकावैनी कुंपनापाशी उभ्या. काखेत लेकरू रडून राह्यलं. आन वैनी तांब्या कुंपनात ओतून राह्यल्या."

ते थांबले. बायकांनी पदर हातात घेतले होते.

"एवढं म्या डोयानं पाह्यलं," बाबा म्हणाले. "तांब्यात कोनतं पानी हाय, ते म्या विचारलं नाही. फौजेत अधुरी रिपोर्ट देत नाहीत. मी बावन साल देली."

 पुढचं त्यांनी फार थोडक्यात सांगितलं. आपण लावलेलं रोप मेलं. त्याचं पाणी गोकुळच्या लेकराला मिळालं आणि लेकरू जगलं. ते लेकरू इथे पहिल्या रांगेत बसलं आहे. आपण ज्याला इतकी वर्षं सलाम केला ते झाड जनकाबाईंनी हिवरा आश्रमाकडून पायी आणून लावलेलं आहे, त्याचं साल पंच्याहत्तर. "गोकुळ असता तं त्यानं बी पानी लेकरालेच देलं असतं," एवढं एक वाक्य त्यांनी स्वतःचं घातलं. कागद काढून त्यांनी अकरा नावं वाचली. पहिलं नाव वाचलं तेव्हा धम्माताई उभी राहिली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग प्रत्येक नावाला त्या त्या घरचं कोणी ना कोणी उभं राहत गेलं. दोन नावांना कोणी नव्हतं. तिथे बाबा थोडे जास्त थांबले.

त्या दिवशी काकूंना साडीचोळी द्यायची की नाही, याबद्दल ग्रामपंचायतीच्या लोकांत कुजबुज झाली. शेवटी दिली. मागच्या रांगेतली मंजुळाबाई हळूच म्हणाली, "आता तं दोनदा द्याले पाह्यजे," आणि तिच्या आजूबाजूच्या बायका हसल्या.

दुपारी मांडव रिकामा झाल्यावर मी पेटीचं कुलूप लावायला गेले. ताई आणि काकू तिथेच होत्या. काकू चबुतऱ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ताईची बस तीनची होती, सव्वातीन वाजले होते.

"समता, तुहं ते भिंग हाय?" ताईनं विचारलं.

मी पर्समधून काढून दिलं आणि काच वर केली. ती वाकली, सालीकडून आत, बोटाच्या नखानं एकेक ओळ दाबत मोजू लागली. ओठ हलत होते. टाचण्यांचा आधार तिनं घेतला नाही. मध्यावर पोचायला तिला बराच वेळ लागला.

"एकोनपन्नास येऊन राह्यले," ती म्हणाली.

"तेरावं बारीक आहे," मी म्हणाले. "ते बहुतेक सुटलं असेल."

तिनं चष्मा पुसला. घड्याळाकडे पाहिलं नाही.

"पुन्हा मोज," काकू पायरीवरून म्हणाल्या. "नीट मोज. बस उद्या बी हाय."